आमच्या बोटीवर परदेशी यंत्राची नजर असते का?

प्रश्न विचारणारा तरुण हर्णैचा आहे. वडिलांची सहा सिलिंडरची बोट आहे आणि तो स्वतः रत्नागिरीत कॉम्प्युटर शिकतो. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया मिळून एआयच्या मदतीने हिंद महासागरातल्या बोटींवर लक्ष ठेवतात, असं त्याने वाचलं. त्याचे प्रश्न थोडक्यात असे: आमच्या बोटीची माहिती परदेशात जाते का? एखाद्या यंत्राने आमची बोट संशयित ठरवली तर काय होतं? सरकार देतंय तो ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारं यंत्र, वडिलांनी बसवावं का? आणि शेवटी, या क्षेत्रात मला काही काम करता येईल का?

मी बरीच वर्षं किनारी टेहळणीच्या पडद्यांसमोर बसून काम केलं आहे. आता अशा प्रणाली वापरात येण्याआधी त्या तपासून देण्याचं काम करतो. खाली जे लिहितोय त्यातलं सगळं जाहीर आहे, गोपनीय काही नाही. वडिलांनाही वाचून दाखवता येईल अशा बेताने लिहितो.

तुमचे प्रश्न चार असले तरी त्यांच्या मुळाशी भीती एकच दिसते. आपल्या समुद्राची काडीची माहिती नसलेलं कुठलंतरी यंत्र आपल्याविषयी मत बनवेल, आणि ते मत खोडून काढायला आपण तिथे नसू. ही भीती अनाठायी नाही. पण उपग्रह कुणाचा आणि कंपनी कुठली, यापेक्षा त्या यंत्राला आपल्या किनाऱ्याचं रोजचं वागणं कुणी शिकवलं आणि त्याचा अंदाज पडताळणारा माणूस कोण आहे, यावर सगळं ठरतं.

आधी हे सहकार्य नेमकं काय आहे ते सांगतो. 26/11 ला अतिरेकी समुद्रातून आले. त्यासाठी त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली होती. त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1993 च्या स्फोटांचं आरडीएक्स रायगडात शेखाडीला उतरलं होतं. म्हणजे कोकणाला या गोष्टीची ओळख मुंबईआधीपासून आहे. 2008 नंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, सागरी पोलीस ठाणी वाढली, आणि 2014 साली गुरुग्रामला नौदल व तटरक्षक दलाचं माहिती-केंद्र सुरू झालं. तिथे रडार, जहाजांचे सिग्नल आणि इतर नोंदी एका चित्रात एकत्र येतात. डिसेंबर 2018 मध्ये त्याच आवारात हिंद महासागर क्षेत्रासाठीचं माहिती-संमिलन केंद्र सुरू झालं. भागीदार देशांचे संपर्क अधिकारी तिथे येऊन बसतात. मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, श्रीलंका यांच्या किनाऱ्यांवर आपण रडारं उभारून दिली आहेत. तुम्ही जे वाचलंत तो चार देशांचा उपक्रम मे 2022 मध्ये टोकियोत, या चौघांच्या 'क्वाड' गटाच्या परिषदेत जाहीर झाला. खासगी उपग्रहांनी टिपलेले रेडिओ-सिग्नल वापरून, स्वतःची ओळख न देणाऱ्या नौका शोधायच्या आणि ती माहिती या भागातल्या देशांना द्यायची, असा त्याचा गाभा आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. माहिती जाते का, याचं उत्तर बोटीवर कुठलं यंत्र आहे त्यावर अवलंबून आहे. एआयएस, म्हणजे नौकेची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र असेल, तर ते व्हीएचएफ रेडिओवर उघड बोलतं. नऊ आकडी नंबर, जागा, वेग, दिशा हे सगळं ते ठरावीक वेळाने सांगत असतं, आणि ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो कुणीही ते ऐकतो. जहाजांचे नकाशे दाखवणाऱ्या वेबसाइटवर तुम्हीही ते पाहू शकता. त्यासाठी कुठल्याही कराराची गरज लागत नाही. टक्कर टळावी म्हणूनच ते उघड ठेवलेलं आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. आपल्याकडे 20 मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींनाही ते लावायला सांगितलं आहे. कोकणातल्या बहुतेक बोटी या मापापेक्षा लहान आहेत.

सरकारी ट्रान्सपाँडर वेगळा. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरच्या कार्यक्रमात जी योजना देशभर सुरू झाली, तीत 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या मिळून एक लाख बोटींवर तो बसवायचा आहे. तो इस्रोच्या उपग्रहामार्फत सरकारी केंद्राशी बोलतो, आजूबाजूच्या बोटींशी नाही. मासे कुठे लागले ते शेजारच्या नाखव्याला कळेल, ही धास्ती रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून देवगडपर्यंत सगळीकडे ऐकू येते. एआयएसच्या बाबतीत ती खरी आहे. या ट्रान्सपाँडरच्या बाबतीत ती तशी लागू होत नाही.

देशादेशांत जी नियमित देवाणघेवाण चालते ती मुख्यतः व्यापारी जहाजांची असते. हे जहाज कुठून निघालं, कुठे चाललंय, माल काय, मालक कोण. त्यासाठी भारताने अनेक देशांशी करार केले आहेत, अमेरिकेशी 2016 मध्ये. या व्यवहारात एक शिरस्ता कडक पाळतात: ज्याने माहिती दिली त्याला विचारल्याशिवाय ती तिसऱ्याला द्यायची नाही. हर्णैची बोट कुठे जाळं टाकते यात ऑस्ट्रेलियाला रस असण्याचं कारण नाही. मात्र उपग्रहाच्या चित्रात तिचा ठिपका उमटू शकतो, आणि यंत्राला तो कुणाचा हे कळलं नाही तर तो 'अनोळखी नौका' म्हणून यादीत जातो. आपल्याला त्रास होऊ शकतो तो इथे, म्हणून या भागावर जरा थांबतो.

एआय यात नेमकं काय करतं? दिवसाकाठी येणारे ठिपके इतके असतात की डोळ्यांनी सगळे पाहणं माणसाला शक्य नाही. यंत्र जुन्या प्रवासांवरून नेहमीचं वागणं शिकतं आणि त्यापेक्षा वेगळं दिसलं की झेंडा लावतं, म्हणजे ती नौका संशयित म्हणून दाखवतं. साधारण चार गोष्टींवर त्याची नजर असते: सिग्नल मध्येच बंद पडणं, विनाकारण एका जागी रेंगाळणं, दोन नौकांनी खोल समुद्रात एकमेकींना चिकटणं, आणि सांगितलेल्या ओळखीशी न जुळणारा वेग किंवा आकार. तेलाच्या तस्करीसाठी, शस्त्रं उतरवण्यासाठी, परवान्याविना येणाऱ्या मोठ्या परदेशी ट्रॉलर्ससाठी या खुणा उत्तम चालतात.

आता याच खुणा घेऊन आपल्या किनाऱ्यावर या. डोलीची बोट भरती-ओहोटीच्या ओढीवर जाळं लावून तासन्‌तास एका जागी उभी असते. यंत्राच्या भाषेत हे रेंगाळणं. गिलनेटवाला रात्री जाळं सोडून त्याच्यासोबत वाहतो, इंजिन बंद. हेसुद्धा रेंगाळणं, वर अंधारात. पर्ससीनवाला मासळीच्या थव्याभोवती जाळं टाकायला अचानक वेग घेऊन गोल फिरतो आणि थबकतो. चार दिवसांच्या फिशिंगला गेलेली बोट बर्फ संपला म्हणून दुसरीकडून घेते, किंवा मासळी दुसऱ्या बोटीवर चढवून आधी बंदरात पाठवते. यंत्राच्या लेखी ही समुद्रातली भेट, आणि ती सगळ्यात लाल झेंड्याची. वाऱ्याची सूचना आली की हर्णैच्या बोटी भराभर आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. त्याचं चित्र वरून पाहणाऱ्याला काय वाटेल? थोड्या वेळात दहा-वीस नौका एका खाडीच्या तोंडाशी जमल्या आणि बॅटरी वाचवायला सिग्नल बंद झाले.

यातली एकही गोष्ट गैर नाही. दुसऱ्या समुद्रावर, दुसऱ्या पद्धतीच्या मासेमारीवर शिकलेल्या मॉडेलला, म्हणजे यंत्रातल्या अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला, मात्र ती गैर वाटणारच. मी तपासलेल्या प्रणालींमध्ये सगळ्यात जास्त खोटे इशारे याच जातीचे असतात.

थोडा हिशोब करून पाहा. समजा एका रात्री समुद्रात 5,000 बोटी आहेत आणि यंत्र 100 पैकी 99 वेळा बरोबर असतं. ऐकायला फार छान वाटतं. पण म्हणजे रोज रात्री 50 निर्दोष बोटींवर झेंडा लागतो, आणि खरी गडबड करणारी बोट कदाचित महिन्यातून एखादी, कदाचित एकही नाही. ड्युटीवरचा माणूस आठवडाभरात त्या झेंड्यांना कंटाळतो. मग खरा इशाराही त्याच ढिगात पडून राहतो. म्हणजे खोट्या इशाऱ्याचा त्रास फक्त मच्छीमाराला होतो असं नाही. देशाच्या सुरक्षेचंही त्यात थेट नुकसान आहे. म्हणून या प्रणाली आपल्या किनाऱ्याच्या नोंदींवर शिकवल्या पाहिजेत हे मी मच्छीमारांवर उपकार म्हणून मागत नाही. त्याशिवाय त्या नीट चालतच नाहीत.

पावसाळा हा आणखी एक घटक, आणि तो बाहेरच्या तज्ज्ञांच्या सहसा लक्षात येत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह इथे जवळपास निरुपयोगी असतात. रडार उपग्रह ढगांतून पाहतात. आपला ईओएस-04 आहे, युरोपचा सेंटिनेल-1 आहे, आणि जुलै 2025 मध्ये इस्रो-नासाचा निसार गेला. पण उसळलेल्या समुद्रात लाटांचाच परतावा इतका येतो की लाकडाची किंवा फायबरची छोटी बोट त्यात हरवते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते, त्यामुळे त्या काळात दिसणारा प्रत्येक ठिपका यंत्राला संशयास्पद वाटतो. तरीही छोट्या बिनयांत्रिक होड्या खाडीच्या तोंडाशी असतातच. हे तपशील मॉडेलमध्ये घातलेले नसतील तर त्याचा भरवसा धरू नये.

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही रायगडातले आणि दोन्ही पावसाळ्यातले. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरला एक यॉट वाहत आली, तीत एके-47 बंदुका सापडल्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली. त्याच दिवशी विधानसभेत माहिती देण्यात आली की ही 'लेडी हान' नावाची, ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची नौका. मस्कतहून युरोपकडे निघाली होती. 26 जूनला इंजिन बंद पडलं, कोरियन नौकेने माणसांना वाचवून ओमानच्या हवाली केलं आणि यॉट खवळलेल्या समुद्रात सोडून द्यावी लागली. म्हणजे ती बेवारस वाहतेय ही गोष्ट सात आठवडे कुणाच्यातरी नोंदीत होती. नैर्ऋत्य मोसमी वारा कुठल्या दिशेला ढकलतो हे इथल्या तांडेलाला, बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारा, तो झोपेतही सांगेल. वारा आणि प्रवाह यांवरून वाहती वस्तू कुठे आणि केव्हा लागेल याचा अंदाज बांधणं हे गणकयंत्राचं जुनं काम आहे, आणि एआयमुळे ते अधिक नेमकं होतं. देशांमधलं सहकार्य मला सगळ्यात जास्त हवं आहे ते अशा ठिकाणी. ओमानकडची एक ओळ आणि आपल्याकडचं वाऱ्याचं गणित वेळेवर जुळलं, तर बोट किनाऱ्याला लागण्याआधी तटरक्षक दल तिच्यापाशी पोचू शकतं.

दुसरा प्रसंग जुलै 2025 चा. कोर्लईजवळच्या समुद्रात संशयास्पद बोट असल्याचा इशारा आला आणि खुणा पाकिस्तानी बोटीच्या दिसल्या. भर पावसात पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळे शोधाला लागले. शेवटी निघाला तो पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा, तुटून वाहत आलेला सिग्नल देणारा बोया. यंत्रणा हलली यात काहीच चूक नाही, रायगडने 1993 पाहिलं आहे. पण असे बोये आता स्वस्तात मिळतात, जगभर वापरले जातात, आणि ते बोटीसारखाच सिग्नल देतात. बोया आणि बोट यांतला फरक यंत्राला शिकवता येतो. बोयाला इंजिन नसतं, तो वाऱ्या-प्रवाहाच्या वेगानेच सरकतो, बंदरातून निघाल्याची त्याची नोंद नसते. तो शिकवण्यासाठी मात्र खऱ्या बोयांच्या नोंदी लागतात, आणि त्या आपल्याकडे आहेत तशा शेजारी देशांकडेही आहेत. ज्यांच्याशी आपलं बोलणं आहे त्यांच्याकडून त्या मिळवणं हे एखाद्या मोठ्या संयुक्त सरावाइतकंच महत्त्वाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

इथे थोडं विषयाबाहेर जातो, कारण तुम्ही कॉम्प्युटरचे विद्यार्थी आहात. देश एकमेकांना तीन वेगवेगळ्या गोष्टी देऊ शकतात: कच्चा डेटा, त्यावरून काढलेला अंदाज, किंवा अंदाज काढणारं मॉडेल. पहिली गोष्ट द्यायला सगळे कचरतात, कारण डेटावरून तुमच्या सेन्सरची ताकद कळते. दुसरी सगळ्यात सोपी, पण घेणाऱ्याला तो अंदाज कशावरून काढला हे दिसत नाही. तिसरी सगळ्यात खोल मैत्रीची. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की पाणबुड्या शोधणाऱ्या त्यांच्या पी-8 विमानांवर सामायिक अल्गोरिदम बसवून ते एकमेकांच्या सोनोबॉयांचा, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या तरंगत्या यंत्रांचा, डेटा वाचतील. याच जातीची विमानं आपल्याही नौदलाकडे आहेत आणि गोव्याच्या हंसा तळावरून ती उडतात, पण आपण त्या गटात नाही. आपले करार वेगळे आहेत: 2018 चा सुरक्षित संपर्काचा आणि 2020 चा भू-अवकाशीय, म्हणजे नकाशे आणि उपग्रहचित्रांच्या, माहितीचा, दोन्ही अमेरिकेशी. माझं मत विचाराल तर भारताने मॉडेल घ्यावं, वापरावं, पण ते आपल्या डेटावर पुन्हा शिकवण्याचा आणि त्यात चूक कुठे होते ते उघडून पाहण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा. नुसता तयार अंदाज घेत राहिलो तर आपल्या समुद्राचं ज्ञान दुसऱ्याकडे साचतं आणि आपल्याला फक्त लाल-हिरवे दिवे मिळतात.

आता दुसरा प्रश्न, झेंडा लागला तर काय? झेंडा लागला म्हणून कुणी गोळी झाडत नाही. टेहळणीच्या साखळीत यंत्राचं काम इशाऱ्यापाशी संपतं. तिथून पुढे माणूस पाहतो, रडारशी ताडून बघतो, जवळच्या गस्ती नौकेला किंवा विमानाला कळवतो, व्हीएचएफवर हाक मारली जाते. आपल्या हद्दीत येऊन बोट तपासण्याचा अधिकार आपल्याच यंत्रणांना आहे, कुठल्या भागीदार देशाला नाही. शस्त्र स्वतःच निर्णय घेणार का, हा वाद वेगळा. तो संयुक्त राष्ट्रांत चालू आहे आणि त्याचं गांभीर्य मला पूर्ण मान्य आहे. वडिलांच्या बोटीशी त्याचा आज संबंध नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं: गस्ती नौका येते, कागद मागते, खलाशांची ओळखपत्रं बघते, दोन-तीन तास जातात. मासळीच्या घाईत दोन-तीन तास ही छोटी गोष्ट नाही, हे मी जाणतो. पण तो वेळ बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. बोट विकत घेतली आणि नोंदणी जुन्याच नावावर राहिली; इंजिन बदललं, नोंद बदलली नाही; दुसऱ्या बोटीचं एआयएस काढून हिच्यावर लावलं, नंबर तोच ठेवला. मग एकाच नंबरची बोट एकदा दाभोळला आणि एकदा वसईला दिसते. यंत्राच्या दृष्टीने ही ओळख चोरण्याची ठळक खूण आहे, आणि खरंच चोरी करणारेही नेमकं हेच करतात. एआयएसचा भारतीय नंबर 419 ने सुरू होतो. तुमच्या बोटीवर एआयएस असेल तर आजच तपासा की त्यात भरलेला नंबर, नाव आणि नोंदणीचा कागद जुळतात का. जाळ्याला सिग्नलवाले बोये लावत असाल तर ते बोटीचा नंबर वापरत नाहीत ना, हेही बघा. एखादा तुटून गेला तर सागरी पोलिसांना 1093 वर कळवा. त्या एका फोनने कोर्लईसारखी रात्र टळू शकते.

तिसरा प्रश्न, ट्रान्सपाँडर. बसवा. बोट खाडीतच फिरणारी छोटी होडी असेल तर घाई नाही, पण सहा सिलिंडरची बोट बाहेर जाणार, तेव्हा माझ्या मनात शंका नाही. वादळाची सूचना मोबाइलची रेंज संपल्यावरही पोचते, संकटात बटण दाबता येतं, आणि सागरी सीमेजवळ गेलात तर इशारा मिळतो. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली पालघरची माणसं पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकली आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारा, सीमेच्या इशाऱ्याची किंमत काय असते. आणखी एक फायदा कमी बोलला जातो. परराज्यातले वेगवान ट्रॉलर रात्री आपल्या 12 मैलांत घुसतात, ही सिंधुदुर्ग-रत्नागिरीची जुनी तक्रार आहे. जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोनची गस्तही सुरू केली. स्थानिक बोटी ओळख देऊन वावरत असतील, तर ओळख न देणारा ठिपका चटकन वेगळा पडतो. शंभर बोटी अंधारात असतील तर घुसखोराला त्यांच्यात लपायला जागा मिळते.

मात्र मच्छीमार सोसायटीमार्फत दोन गोष्टी लेखी मागा: ही माहिती कुणाकुणाला दिली जाते, आणि चुकीचा शिक्का बसला तर तो पुसायला अर्ज कुठे करायचा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यापासून सुरुवात करा. एकट्याने विचारलं तर उत्तराला वेळ लागेल, सोसायटीच्या ठरावाकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

शेवटचा प्रश्न तुमच्या कामाचा, आणि मला तो सगळ्यात आवडला. या क्षेत्रात अल्गोरिदम लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्याला ठिपक्यांची रेघ पाहून 'ही डोल, ही गिलनेट, हा बर्फ घ्यायला थांबलाय' असं सांगता येतं, असा माणूस मिळत नाही. तुमच्या घरात तो आहे. वडिलांच्या जीपीएसमधल्या एका हंगामाच्या फेऱ्या उतरवून घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर त्यांच्याकडून लिहून घ्या: इथे जाळं टाकलं, इथे ओढलं, इथे वारा वाढला म्हणून वळलो. जागा सार्वजनिक करू नका, नुसता आकार, वेग आणि वेळ ठेवा. दोन-चार ओळखीच्या बोटींच्या अशा फेऱ्या जमल्या की मासेमारीचे प्रकार ओळखणारं एक छोटं मॉडेल कॉलेजच्या प्रकल्पासाठी सहज होईल. पर्ससीन आणि ट्रॉलिंग ते लवकर शिकेल. डोल आणि नुसती नांगरलेली बोट यांत मात्र ते गोंधळेल, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा त्यात जोडा. तिथवर पोचलात की लिहा, पुढचं काय करायचं ते मी सांगतो.